कागुया-सामाचा शेवट: कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं नाही

दोघंही एकमेकांच्या प्रेमात पडलेले, दोघंही अभ्यासात अव्वल, आणि दोघांचाही हट्ट एकच: आधी कबुली देईल तो हरला. ‘कागुया-सामा: लव्ह इज वॉर’ ही जपानी अ‍ॅनिमे (अ‍ॅनिमेशन) मालिका कागुया आणि शिरोगाने या दोन शाळकरी विद्यार्थ्यांच्या याच हट्टावर 37 भाग चालते. आधीचं सगळं ज्याने लक्ष देऊन पाहिलंय त्यालाच तिसऱ्या सीझनचा शेवट पूर्ण भिडतो. नुसत्या क्लिप्स पाहून शेवटावर उडी मारली तर ‘एवढ्यासाठी एवढं?’ असं वाटून हातात काहीच उरत नाही.

आधी क्रम. पहिला सीझन 2019चा (12 भाग), दुसरा 2020चा (12), तिसरा म्हणजे ‘अल्ट्रा रोमँटिक’ 2022चा (13). त्यानंतर ‘द फर्स्ट किस दॅट नेव्हर एंड्स’ हा चित्रपट, जो जपानमध्ये 17 डिसेंबर 2022ला लागला. एक भाग सुमारे 24 मिनिटांचा, म्हणजे तिन्ही सीझन मिळून जवळपास पंधरा तास, वर दीड तासाचा चित्रपट. 2021चा ओव्हीए, म्हणजे टीव्हीवर न दाखवता वेगळा काढलेला जादा भाग, वगळला तरी चालतो. त्यात चावट गमतीच जास्त आहेत आणि मूळ गोष्ट पुढे सरकत नाही, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनच्या मध्ये तो घालू नका, तार तुटते.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते शोधताना. नावापुढे ‘फायनल’ टाकलंत की 2021चा दुसराच चित्रपट समोर येतो. तो खऱ्या नटांचा आहे, कानना हाशिमोतो आणि शो हिरानो यांचा. अ‍ॅनिमेशी त्याचा सूर जुळत नाही आणि शेवट मात्र आधीच फुटतो. म्हणून ‘अल्ट्रा रोमँटिक’ असंच शोधा.

पंधरा तास नसतील तर कात्री कुठे लावायची? पहिल्या सीझनमधला पहिला भाग हवाच. शेवटचे दोन, 11 आणि 12, म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी आणि आतषबाजी, तेही हवेत. कागुया घरच्या धाकात किती अडकलेली आहे आणि तिला बाहेर काढायला बाकीचे किती धावतात, हे तिथे कळतं. दुसऱ्या सीझनमधून विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीचे भाग घ्या, कारण शिरोगानेविरुद्ध उभी राहणारी मिको इइनो तिथेच येते. 11वा भाग चुकवू नका. परिषदेचा खजिनदार इशिगामी मान खाली घालून का वावरतो त्याचं कारण त्यात आहे, आणि ते माहीत नसेल तर तिसऱ्या सीझनमधला त्याचा प्रत्येक प्रसंग पोरकट वाटतो. तिसऱ्या सीझनमध्ये मात्र काटछाट नको. 8व्या भागापासून पुढचे सहा भाग शक्यतो दोन बैठकांत संपवा. 12 आणि 13 तर सलगच बघा, जपानमध्येही ते एकाच तासात जोडून दाखवले होते. त्या दोघांमध्ये रात्र घातलीत तर चढलेला ताण उतरतो.

आवाज जपानी आणि खाली इंग्रजी सबटायटल्स, ही निवड बरी. निवेदक युताका आओयामा क्षुल्लक गोष्टही युद्धाची बातमी दिल्यासारखी सांगतो आणि निम्मा विनोद त्याच सुरात आहे. पण तो बोलतो फार वेगाने, पडद्यावर पाट्याही येतात, त्यामुळे मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर बरंच निसटतं. लॅपटॉप किंवा टीव्ही असेल तर तोच वापरा.

गोष्ट फुटलेली चालणार नसेल तर इथून पुढचं 13वा भाग झाल्यावर वाचा.

शेवट घडतो शाळेच्या होशिन उत्सवात. हृदय अर्पण केल्याची एक आख्यायिका आहे आणि उत्सवात कुणाला हृदयाच्या आकाराची वस्तू दिली की प्रेम टिकतं, अशी समजूत. एवढं डोक्यात ठेवून कोण कुणाला काय देतंय ते बघत राहा. इशिगामी ही समजूत माहीत नसताना त्याला आवडणाऱ्या त्सुबामेला हृदयाच्या आकाराची कुकी देऊन बसतो. तो प्रसंग हसवण्यासाठी आहे, पण शिरोगाने जे मोठ्या प्रमाणावर करणार असतो त्याची ती छोटी तालीमच आहे. शिरोगानेचा वर्ग उत्सवात फुग्यांच्या वस्तू बनवतो. पहिल्यांदा बघताना हा तपशील सहज डोळ्यांखालून जातो. मग ‘आर्सेन’ नावाच्या चोराची चिठ्ठी येते, परिषदेतली फुजिवारा डिटेक्टिव्ह होऊन धावाधाव करते, आणि आपण तिच्यामागे जातो. खरी तयारी त्या फुग्यांत चाललेली असते.

घड्याळाच्या मनोऱ्यावर शिरोगाने ‘तू मला आवडतेस’ म्हणत नाही. तो स्टॅनफर्डला चाललाय आणि तूही चल, एवढंच म्हणतो. कबुली नाही म्हणून काहींचा विरस होतो, पण खेळाचा नियम आठवून पाहा: बोलायचं नाही तर करून दाखवायचं. कागुयाचं उत्तरही शब्दांत येत नाही. ते चुंबन इतकं जोरकस का, याचं मूळ कागुयाची सेविका हायासाकाने आधी केलेल्या चेष्टेत आहे. ती चेष्टा लक्षात नसेल तर हसू येण्याऐवजी गोंधळ उडतो.

इथे थांबू नका. चित्रपट त्याच चुंबनाच्या परिणामांपासून सुरू होतो आणि अहंकार गळून पडल्यावर दोघं एकमेकांसमोर कसे उभे राहतात हा खरा प्रश्न तिथेच सुटतो. टीव्हीसाठी त्याचे चार भाग केलेले आहेत. चार दिवसांत वाटून पाहू नका. मधला भाग संथ आहे, आणि रोज थोडा पाहिला तर तो रटाळ वाटायला लागतो.

पुढचं हवं असेल तर मंगा, म्हणजे मूळ जपानी कॉमिक, आहे. आका आकासाकाने तो नोव्हेंबर 2022मध्ये 28 खंडांवर संपवला. चित्रपट त्यातल्या जेमतेम निम्म्यापर्यंत पोहोचतो.