मसाले सगळे घालूनही चव येत नाही? रोजच्या स्वयंपाकात या चुका टाळा

आमटी पाणचट लागली की आपला हात पहिल्यांदा मसाल्याच्या डब्याकडेच जातो, अजून थोडं तिखट, अजून चमचाभर गोडा मसाला, आणि तरी जेवताना काहीतरी राहिल्यासारखं वाटतंच. मीपण कितीतरी वर्षं हेच करत होते. बऱ्याचदा सामान बरोबर असतं, फक्त कुठलं कधी घातलं तिथे गडबड झालेली असते, म्हणून रोज हमखास होणाऱ्या चुका लिहितेय.

सगळ्यात पहिली फोडणी. घाईत असलो की तेल नीट तापायच्या आत मोहरी पडते, ती तडतडत नाही, कच्ची राहते आणि दाताखाली कडवट लागते. आधी फक्त दोन दाणे टाकून बघा, लगेच उडाले तरच बाकीची मोहरी घाला. ती तडतडायची थांबत आली की जिरं, मग हिंग, मग कढीपत्ता (पाणी पुसून घ्या, नाहीतर तेल अंगावर उडतं), आणि हळद अगदी शेवटी कारण ती क्षणात जळते. लाल तिखट फोडणीत घालायचं असेल तर गॅस बंद करून घाला आणि लगेच वरण किंवा भाजी ओता. आणि फोडणी करपलीच तर प्लीज ती पदार्थात ओतू नका, टाकून द्या, कढलं पुसून परत करा. दोन चमचे तेल जाईल पण पातेलंभर आमटी वाचेल, कारण करपट वास वरून काहीही घातलं तरी जात नाही.

डाळ शिजत नाही ही तक्रार तर घरोघरी असते. डाळ जुनी असेल किंवा बोअरचं जड पाणी असेल तर वेळ लागतोच, पण बरेच जण चिंच, आमसूल, टोमॅटो आधीच कुकरमध्ये घालतात आणि आंबट गेलं की डाळ मऊ व्हायला फार वेळ घेते. एक वाटी तूरडाळ असेल तर धुवून अर्धा तास भिजवा, अडीच-तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद-हिंग आणि थेंबभर तेल घालून शिजवा, आंबट नंतर. घोटल्यावर पातळ करताना गार पाणी ओतू नका, गरमच घाला आणि चांगली खळखळून उकळी येऊ द्या, नाहीतर वर पाणी आणि खाली डाळ असं वेगवेगळं दिसतं. खारट झाली तर बटाटा टाकून फार फरक पडत नाही हो, थोडी बिनमिठाची शिजलेली डाळ आणि पाणी घालून आमटीच वाढवायची.

मटकीच्या उसळीचा लगदा होतो कारण मोड आलेली मटकी आपण कुकरला लावतो. कढईत फोडणीवर परता, ताटलीचं झाकण ठेवा आणि त्या ताटलीत पाणी ओता, खाली वाफ धरते आणि वरचं पाणी गरम होतं, तेच लागेल तसं उसळीत घालायचं. पंधरा मिनिटांच्या आसपास शिजते. राजमा-छोले मात्र कुकरमध्येच, आणि राजमा अर्धवट कच्चा अजिबात खाऊ नका, पोट बिघडतं.

पालेभाजी चिरून धुऊ नका, आधी धुवा. मीठ शेवटी, कारण कढईभर मेथी शिजून वाटीभर होते आणि आधीच अंदाजाने घातलेलं मीठ मग जास्त होतं.

आता भाकरी, यात मात्र मनापासून लक्ष घालावं लागतं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे पीठ जुनं झालं की विरी (म्हणजे पीठ धरून ठेवणारा थोडाफार चिकटपणा) जाते आणि थापतानाच कडा फाटतात. पीठ थोडं थोडंच दळून आणा. गरम पाण्याने भिजवा आणि तळहाताच्या टाचेने रगडून मळा, एका वेळी एकाच भाकरीचं. मळलेलं पीठ दाबल्यावर कडेला चिरा दिसल्या तर पाण्याचा हात लावून परत मळा, थापायची घाई करू नका. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवून लगेच पाणी फिरवायचं, आणि ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची. खूप लोक इथेच चुकतात, पाणी सुकून पांढरं दिसायला लागलं की तिथे तडा जातो आणि मग वाफ तिथून निघून जाते, भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजू द्या, मग तवा बाजूला करून पहिली बाजू आचेवर धरा, टम्म फुगते.

विरी गेलेलं पीठ टाकून देऊ नका, त्यात कणीक, थोडं बेसन, भरपूर कांदा-कोथिंबीर घालून थालीपीठ लावा, मध्ये भोक पाडून तेल सोडा आणि झाकण ठेवून खरपूस होऊ द्या, गरमगरम ताटात घेऊन वर लोण्याचा गोळा ठेवा.