छप्पर बदलायचंय? आधी क्षेत्रफळ नीट काढा

छपराचा खर्च काढताना बहुतेक जण घराचं क्षेत्रफळ धरतात आणि तिथेच हिशेब चुकतो. छप्पर उतरतं असतं, भिंतीबाहेरही येतं. समजा घर ३० बाय ४० फूट, म्हणजे १,२०० चौरस फूट. चारही बाजूंना २ फूट वळचण धरली की ३४ बाय ४४, म्हणजे १,४९६. आता उतार ३० अंशांचा असेल तर याला १.१५ ने गुणा: सुमारे १,७२० चौरस फूट! उतार ४५ अंशांचा असेल तर गुणक १.४१. पत्रे किंवा कौलं एकमेकांवर चढतात, काही कापताना वाया जातात. तो माल वेगळा धरा.

खरी धास्ती मात्र आतल्या लाकडाची. वासे आणि रिपा किती कुजल्यात हे जुनं छप्पर उतरवल्याशिवाय कळत नाही, आणि तेव्हा घर उघडं पडलेलं असतं, घासाघीस करायला वेळ नसतो. म्हणून लाकूड बदलण्याचा दर प्रति फूट आधीच लिहून घ्या. माझ्या मते कोटेशनमधली ही सर्वांत महत्त्वाची ओळ.

जुना माल उतरवणं, राडारोडा हलवणं, परांची, पन्हळी, आढ्यावरची कौलं हे सगळं दरात आहे की वेगळं, तेही विचारा. एकगठ्ठा आकडा देणाऱ्याकडून बाबवार फोड मागा. दोन कोटेशनं तेव्हाच शेजारी ठेवून पाहता येतात.