सीझनच्या आधी खुर्च्यांचं बघा

आमचं नागपुरात, धंतोलीत टॅक्सचं ऑफिस आहे. जुलैत रिटर्न, सप्टेंबरात ऑडिट. या काळात माणसं दहा-दहा तास जागची हलत नाहीत. म्हणून खुर्च्यांचं काम मे महिन्यातच उरकून घ्यायचं. ऊन मी म्हणत असतं खरं, पण जूनमध्ये कोणालाच सवड नसते.

सगळ्यात आधी मोजपट्टी काढा. दुकान नंतर, माणसं आधी. प्रत्येकाला चपला-बुटांसकट बसवा आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतची उंची लिहून घ्या. पाच फुटांच्या बाईची ती साधारण 38 ते 40 सेंटीमीटर भरते, आणि बाजारातल्या बऱ्याच खुर्च्या पार खाली आणल्या तरी त्याच्या वरच थांबतात. आमच्याकडे एंट्री करणाऱ्या मुलीचं हेच झालं होतं. तिने टेबलाखाली जुन्या व्हाउचरचे दोन गठ्ठे ठेवले होते आणि वरच्या पुठ्ठ्यावर टाचांचे दोन खड्डे पडले होते. त्या टेबलापाशी मी वर्षभर रोज उभी राहिले, पण खाली वाकून पाहिलं नाही. चारनंतरच्या तिच्या नोंदींत 54 चे 45 व्हायचे, आणि आम्ही तिला "नीट लक्ष दे" म्हणून सांगत होतो. पाय लोंबकळले की सीटची कड मांडीखाली रुतते, मुंग्या येतात, माणूस पुढे सरकून बसतो आणि पाठीला टेकाच राहत नाही. सगळं लक्ष मग तिकडेच जातं. अशांसाठी पायाखालचा पाट सुताराकडून करून घ्या, जरा उतरता. खर्च फारसा नाही.

मग जुन्या खुर्च्या एकेक बसून तपासा. एक माणूस म्हणतो, "ताई, खुर्ची आपोआप खाली जाऊन राहिली." म्हणजे सीट वर-खाली करणारा पंप गेला, तेवढाच बदलता येतो, अख्खी खुर्ची फेकायचं कारण नाही. चाकंही बदलतात. फरशीवर कडक नायलॉनची चाकं घसरतात, तिथे मऊ पीयूची (पॉलीयुरेथेनची) लावा. पण पायाच्या पाच फांद्यांपैकी एकीला जरी तडा असेल तर ती खुर्ची त्याच दिवशी बाजूला काढा, "चालेल थोडे दिवस" म्हणू नका.

नवीन घ्यायच्या असतील तर ज्यांना बसायचं आहे त्यांनाच दुकानात न्या आणि किमान वीस मिनिटं बसू द्या. पाठ पूर्ण टेकवल्यावर सीटची कड आणि गुडघ्याची खळगी यांत दोन-तीन बोटं जागा हवी. कमरेच्या बाकाला आधार लागतोय का, हात टेबलावर ठेवताना खांदे उचलले जातात का, ते बघा. पाठीचा आधार सोडून पुढे वाकून बसलं की मणक्यांमधल्या चकतीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो. स्वीडनचे हाडांचे डॉक्टर नाखेमसन यांनी 1960च्या दशकात चकतीत सुई घालून तो मोजला होता. नंतरच्या मोजमापांत ताठ किंवा टेकून बसण्याचे आकडे बदलले, वाकून बसणं मात्र वाईटच ठरलं. रेक्झिन घेऊ नका. आपल्याकडे पारा 45च्या वर जातो, कूलरची हवा दमट असते, आणि दुपारी कपडे पाठीला चिकटले की माणूस टेकायचंच सोडतो. जाळीची पाठ घ्या. पंप आणि चाकं नागपुरातच मिळतील की पुण्याहून मागवावी लागतील, हे बिल करण्याआधी विचारा.

आता वाटप. यात माझं मत पक्कं आहे: सगळ्यात चांगली खुर्ची सगळ्यात जास्त वेळ बसणाऱ्याला. केबिनमधली उंच पाठीची खुर्ची सर अर्धा दिवस इन्कम टॅक्स खात्यात गेले की रिकामीच असते, आणि बाहेर मुलं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उशी टाकून बसतात. मी सरांना हे सांगितलं तेव्हा ते लगेच हो म्हणाले. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

खुर्च्या आल्या की प्रत्येकाजवळ दहा मिनिटं थांबा. दांडा कुठला, तो ओढून उंची कशी बदलते, हे हातात धरून दाखवा; नाहीतर दुकानातून आली त्याच उंचीवर ती वर्षभर राहते. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा. पाण्याचा माठ टेबलांपासून लांब, पार पलीकडच्या भिंतीला ठेवा. तहान लागली की उठावंच लागतं, आणि उत्तम खुर्चीतही अर्ध्या-पाऊण तासाने उठलेलं बरं. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारत फिरा, कारण पहिल्या दिवशी सगळे "छान आहे" म्हणतात. बिल, वॉरंटीचं कार्ड आणि खुर्चीसोबत आलेली ॲलन की (स्क्रू आवळायची षटकोनी किल्ली) एका पाकिटात घालून माझ्या टेबलाच्या खणात ठेवलेली असते. तुमच्याकडेही ती जागा ठरवून सगळ्यांना सांगून ठेवा.