भारतीय राजकीय विचार आणि मानवी हक्क: हा पेपर अभ्यासताना

एम.ए. किंवा नेट-सेटसाठी हा विषय घेणाऱ्यांची गाडी बहुतेकदा एकाच वळणावर घसरते. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथातलं ‘प्रजासुखे सुखं राज्ञः’ (प्रजेच्या सुखातच राजाचं सुख) लिहायचं आणि पुढच्याच ओळीत ‘म्हणजे मानवी हक्क आपल्याकडे पूर्वीपासूनच होते’ असं ठोकून द्यायचं. त्या श्लोकात राजाचं कर्तव्य सांगितलं आहे. राजानं ते पाळलं नाही तर प्रजेनं दाद कुठं मागायची, हे श्लोक सांगत नाही. महाभारताचं अनुशासनपर्व तर रक्षण न करणाऱ्या राजाला प्रजेनं एकत्र येऊन ठार करावं इथपर्यंत जातं, पण तो उठाव झाला. अर्ज घेऊन जाता येईल असं दार तिथंही नाही.

म्हणून प्रत्येक मूळ ग्रंथाला वहीत एक पान द्या आणि त्यावर तीनच प्रश्न लिहा: बांधील कोण, मागणी कोण करू शकतं, नाकारलं तर दाद कुठं? यातला तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा.

उदाहरणार्थ, अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणातला आठवा अध्याय घ्या. विषय आहे संशयिताची चौकशी आणि छळ. बालक, वृद्ध, आजारी, वेडा, भुकेला, तहानलेला, प्रवासानं थकलेला, दुर्बल अशांचा छळ करू नये, असं तिथं स्पष्ट म्हटलं आहे. गर्भवतीला आणि प्रसूतीला महिना न झालेल्या स्त्रीलाही सूट आहे. एवढंच वाचून थांबलात तर कौटिल्य फार दयाळू वाटेल. पण तोच अध्याय बाकीच्यांसाठी छळाचे प्रकार मोजून देतो. म्हणजे ही मर्यादा आहे, बंदी नाही. आता शेजारी राज्यघटनेचं कलम २०(३) (आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही) आणि डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अटक व कोठडीबद्दल दिलेले ११ निर्देश ठेवा. अटकेचा मेमो, नातेवाइकांना खबर, वैद्यकीय तपासणी या गोष्टी आरोपी आपल्या अधिकारात मागू शकतो, आणि त्या टाळणाऱ्या अधिकाऱ्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते. तुलना लिहावी ती अशी, तपशिलावर तपशील ठेवून. याच पानावर आणखी एक नोंद करा: संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, पण त्याचं अनुसमर्थन (करार स्वतःवर बंधनकारक असल्याची अंतिम मान्यता) अजून झालेलं नाही.

अशोकाचा चौथा स्तंभलेख अनेक जण सोडून देतात, हे वाईट. न्यायव्यवहारात आणि शिक्षेत समता असावी, मृत्युदंड झालेल्याला तीन दिवसांची मुदत मिळावी, असं तो सांगतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात मात्र एकाच गुन्ह्याला वर्णानुसार वेगळी शिक्षा आहे. हे दोन्ही उतारे एकाच उत्तरात आले की ‘प्राचीन भारताचा विचार’ असं एकवचनात लिहिणं आपोआप थांबतं.

मध्ययुगावर फार वेळ घालवू नका. दिल्ली सल्तनतीचा इतिहासकार बरनी, अकबराच्या दरबारातला अबुल फझल आणि मराठी राज्यकारभारावरचं रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र पुरे. आरमारासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडं तोडू नयेत, हा आज्ञापत्रातला हुकूम मात्र नक्की वाचा.

खरा जीव १९ व्या शतकानंतरच्या भागात आहे, कारण इथं मागणारा माणूस स्वतः बोलायला लागतो. फुल्यांची ‘गुलामगिरी’ (१८७३), ताराबाई शिंद्यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२), महाडचा सत्याग्रह (१९२७), काँग्रेसचा मूलभूत हक्कांचा कराची ठराव (१९३१) या क्रमानं वाचा. गांधींना आंबेडकरांशिवाय वाचू नका. पुढची एक जोडी पाठच करा: घटनात्मक उपायांचं कलम (आजचं ३२) हा घटनेचा आत्मा आहे, असं आंबेडकर संविधान सभेत म्हणाले ९ डिसेंबर १९४८ ला, संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा पॅरिसमध्ये मंजूर झाला १० डिसेंबरला. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू नये म्हणून ‘सर्व मानव’ असा बदल झाला, तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांच्या आग्रहानं.

शेवटच्या घटकात गुण जातात ते कायद्याच्या तपशिलात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग घटनात्मक नाही, तो १९९३ च्या कायद्यानं आला. त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. हक्कभंगाचा प्रकार घडून एक वर्ष उलटलं की याच कायद्याच्या कलम ३६(२) नुसार आयोग चौकशी करू शकत नाही. सशस्त्र दलांविरुद्धच्या तक्रारींत तर कलम १९ प्रमाणे आधी केंद्राकडून अहवालच मागवावा लागतो.