कासव कोणतं? आधी पाय बघा, मग पोट

गेल्या जूनमधली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी प्लास्टिकचा टब सावरत दारात उभा राहिला. टबात चार बोटं पाणी, त्यात तळहाताएवढं कासव. मान ताणून ताणून नाकपुड्या कशाबशा पाण्याबाहेर ठेवत होतं आणि पुढचे पाय टबाच्या गुळगुळीत भिंतीवरून सारखे घसरत होते. माशांच्या खाद्याचे दाणे फुगून कडेला लागले होते. “बाई, शेजारी गावाला जाताना ठेवून गेलेत. चार दिवस झाले, तोंडच लावत नाही.”

मी आधी ते बाहेर काढलं, पुसलं आणि मागचे पाय बघितले. हत्तीच्या पायासारखे गोल, जाड. बोटांमध्ये पडदा नाही. जमिनीवरचं कासव होतं ते. त्याला पोहता येत नाही, आणि बिचारं चार दिवस बुडू नये म्हणून धडपडत होतं.

आपल्याकडे जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या दोघांनाही ‘कासव’च म्हणतात, आणि कासव म्हटलं की डोळ्यांपुढे पाणीच येतं. गडबड इथूनच सुरू होते. सांगलीत मी 31 वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी लोक अजून कासवं घेऊन येतात, आणि दर वेळी आधी पाठ दाखवतात. पाठ सुंदर असते हे खरं, पण ती फसवते. शेवाळ चढतं, रंग उडतो, चुकीच्या खाण्यामुळे उंचवटे येतात. म्हणून मी पाय आणि पोट आधी बघते.

पायांचं काम मिनिटभराचं. खांबासारखे पाय आणि बोथट नखं असतील तर ते जमिनीवरचं. त्याला लगेच कोरड्यात ठेवा. बोटांमध्ये पडदा असेल तर पाण्यातलं. प्रत्येक पायाला तीनच नखं, कवच चामड्यासारखं आणि नाक नळीसारखं पुढे आलेलं असेल तर ते मऊ पाठीचं कासव. त्यातही पोटाच्या मागच्या बाजूला कातडीचे दोन पदर असतील आणि मागचे पाय आत घेतल्यावर ते दारासारखे मिटत असतील, तर पुढे शोधायला नको. विहिरीत, तळ्यात, पावसाळ्यात शेताच्या बांधावर सापडणारं ते आपलंच झडपेचं कासव. हे मात्र जपून धरा. मान लांब असते आणि चावा जोरात घेतं.

आता पोट. कासवाला पाठीवर उलटं टाकून ठेवू नका, त्याला ते सोसत नाही. मी मोबाइल जमिनीवर ठेवते, पुढचा कॅमेरा वर करून. दोन्ही हातांनी कवचाच्या कडा मधोमध धरते आणि कासव त्यावर आडवंच धरते. दुसऱ्या कुणीतरी बटण दाबायचं. पोटाचा स्वच्छ फोटो मिळतो आणि कासवाला उलटं व्हावं लागत नाही. त्याआधी ओल्या मऊ कापडाने कवच पुसून घ्या, नाहीतर फोटोत नुसतं शेवाळच येतं.

त्या टबातल्या कासवाच्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या होत्या. पण अशा चांदण्या तीन वेगवेगळ्या कासवांवर असतात. भारतीय तारा कासवाच्या पोटावरही काळ्या-पिवळ्या रेघा किरणांसारख्या पसरतात. म्यानमारच्या तारा कासवाच्या पोटावर किरण नसतात, नुसते गडद ठिपके असतात, आणि पाठीवरच्या रेघाही मोजक्याच. तिसरं मादागास्करचं. त्याच्यासाठी मानेच्या बरोबर वर, कवचाच्या पुढच्या कडेला मधोमध बघा. तिथे मादागास्करच्या कासवाला एक छोटा खवला (कवच ज्या तुकड्यांचं बनतं, त्यातला एक) असतो. आपल्या तारा कासवाला तो नसतो, तिथे नुसती खाच दिसते. त्या मुलाने टॉर्च धरला, मी बोट फिरवलं. खवला नव्हता आणि पोटावर किरण होते. भारतीय तारा कासव, गुजरात-राजस्थानच्या आणि दक्षिणेच्या कोरड्या माळांवरचं, श्रीलंकेतही सापडणारं.

चांदण्या नाहीत, कवच नुसतं वाळूच्या रंगाचं आणि मागच्या मांड्यांवर टोकदार काटे असतील, तर तो आफ्रिकेतला सुल्काटा. मानेवरचा खवला यालाही नसतो. आज तळहातावर मावतो म्हणून फसू नका, याचे नर पाऊण मीटरच्याही पुढे जातात.

पाण्यातल्या कासवांत सगळ्यात जास्त घोळ होतो तो डोळ्यामागच्या लाल खुणेवरून. लाल दिसलं की लोक ‘रेड इअर्ड स्लायडर’ म्हणून मोकळे होतात. अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं हे कासव आपल्याकडे फिशटँकच्या दुकानांत वर्षानुवर्षं विकलं गेलं. त्याची लाल पट्टी डोळ्यामागून सरळ मागे जाते, कवच बरंच सपाट असतं, पोट पिवळं असतं आणि पोटाच्या प्रत्येक खवल्यावर गडद डाग असतो. वय वाढलं की काहींचं कवच काळवंडतं, लालही फिकट होतं. तेव्हा पोट बघणंच कामाला येतं. नराच्या पुढच्या पायांची नखं लांबलचक असतात.

एका ओळखीच्या मुलीने असंच ‘विदेशी, कायदेशीर’ म्हणून दुकानातून कासव घेतलं होतं. तिने फोटो पाठवला. लाल खूण होती, पण सरळ पट्टी नव्हती, डोळ्यामागून वर वळलेली चंद्रकोर होती. मानेवर बारीक पिवळ्या रेघा. मी तिला कवच बाजूने दाखवायला सांगितलं. पाठ घराच्या छपरासारखी उतरती, मधोमध नारिंगी पट्टा आणि मधल्या ओळीतल्या तिसऱ्या खवल्यावर मागे वळलेलं टोक. उत्तर भारतातल्या नद्यांमधलं छपरी कासव होतं ते. तिला विकताना खोटं सांगितलं होतं.

आणखी एक आपल्याकडचं. कवच काळं किंवा गडद तपकिरी आणि पाठीवर लांबीत तीन कंगोरे असतील, तर ते आपलं काळं कासव. विहिरी-ओढ्यांत असतं. हे लोक चटकन ओळखतात.

दुकानदाराने सांगितलेलं नाव आणि कवचावरच्या वर्तुळांवरून काढलेलं वय, या दोन्हींवर मी विसंबत नाही. लांबी मात्र लिहून ठेवावी. कवचाच्या दोन्ही टोकांना एकेक जाड पुस्तक उभं धरा आणि पुस्तकांमधलं अंतर पट्टीने मोजा. कवचाच्या उंचवट्यावरून टेप फिरवला तर आकडा वाढतो. कुणाला विचारायचं असेल तर पाठ, पोट, डोकं बाजूने, मानेवरची कड आणि मागचा पाय असे पाच फोटो पाठवा. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून.

ओळख पटली की लगेच पुढचं पाऊल उचलावं लागतं. भारतीय कासवं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, घरात ठेवणं गुन्हा आहे. तारा कासव तर या कायद्याच्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत (यादीत) आहे आणि 2019 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. लोक घाबरून रात्री नदीवर जाऊन सोडून देतात. कृपा करून असं करू नका. तारा कासव बुडून मरेल आणि स्लायडर सोडलंत तर आपल्या कासवांची जागा आणि खाणं ते बळकावेल. महाराष्ट्रात वन विभागाचा 1926 हा मोफत क्रमांक आहे. फोन करा, कासव कसं आलं ते खरं सांगा.

त्या मुलानेही माझ्यासमोरच फोन लावला. तोवर आम्ही बुटांच्या खोक्याला भोकं पाडली, आत वर्तमानपत्र अंथरलं आणि उथळ बशीत हनुवटी बुडेल इतकंच पाणी ठेवलं. कासव अर्धा तास हललं नाही. मग बशीत तोंड घालून बराच वेळ पाणी पीत राहिलं. आम्ही दोघांनी हात साबणाने धुतले (कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, लहान मुलांना हे आवर्जून सांगा), आणि त्याने मार्करने खोक्यावर लिहिलं: ‘तारा कासव. पाण्यात ठेवू नये.’