रिस्क मॅट्रिक्सचा आकडा उतरवताना

सिव्हिल करून सेफ्टीत येणाऱ्यांच्या हातात पहिल्याच आठवड्यात हिराचं, म्हणजे धोके ओळखून त्यांची जोखीम मोजण्याचं, रजिस्टर पडतं. धोका ओळखा, शक्यतेला १ ते ५ आणि तीव्रतेला १ ते ५ गुण द्या, गुणाकार करा; हाच रिस्क मॅट्रिक्सचा आकडा. एवढं एका दुपारात जमतं. खरी ग्यानबाची मेख पुढच्या रकान्यात असते: उपाय काय?

ड्रेनेजचा तीन मीटर खोल चर घ्या. शक्यता ४, तीव्रता ५. आकडा २०, म्हणजे लाल, मोठ्या धोक्याचा. उपायात 'हेल्मेट, बूट, टूलबॉक्स टॉक (कामाआधीची सुरक्षेची छोटी बैठक)' लिहितात, तीव्रता २ करतात आणि आकडा ८ वर येतो. एक घनमीटर माती दीड टनाच्या पुढे भरते. ती अंगावर आली तर हेल्मेट काय करणार? तीव्रता तेवढीच राहते. म्हणून उपाय वरून खाली शोधायचे: माणूस चरात उतरवणं टाळता येतं का, मग चराच्या बाजूंना उतार किंवा शोरिंग (बाजूंना आधार), मग परमिट (कामाची लेखी परवानगी) आणि देखरेख, सगळ्यात शेवटी पीपीई (हेल्मेट-बुटांसारखी अंगावरची साधनं). बहुतेक रजिस्टरं उलटी, खालूनच भरलेली असतात.

उतार द्यायचा, शोरिंग करायचं की ट्रेंच बॉक्स (चरात ठेवायची संरक्षक चौकट) आणायचा, असा पेच पडला की एएचपी (अॅनालिटिक हायरार्की प्रोसेस, अनेक निकषांवर पर्याय निवडण्याची पद्धत) कामाला येते. थॉमस साटी यांची ही पद्धत १९७० च्या दशकातली. निकषांची जोडीजोडीने तुलना करून १ ते ९ गुण द्यायचे. सुसंगतता गुणोत्तर ०.१ च्या वर गेलं तर तुमच्याच तुलना एकमेकींना छेद देतायत, पुन्हा बसा. एक्सेलमध्ये होतं.

मात्र खर्च आणि जीव एकाच तक्त्यात टाकलेत, तर कधी तरी खर्च जिंकतो, आणि तोही अगदी शास्त्रशुद्ध दिसतो! म्हणून असुरक्षित पर्याय आधीच बाद करा. उरलेल्यांतच तुलना. गुण देताना मुकादमाला सोबत घ्या; कडेला भेग कधी पडली हे त्याला आधी कळतं. प्लॅनिंगवाला मात्र दिवसच मोजणार, ते त्याचं कामच आहे.

रात्री पाऊस झाला किंवा पोकलेन कडेला येऊन उभा राहिला, की कालचे गुण रद्द. सकाळी माणसं उतरण्याआधी चर पुन्हा बघायचा, आणि काम थांबवलंत तर वेळ, कारण आणि कोणाला सांगितलं ते तिथेच लिहून सही घ्यायची. दुपारी 'कोणी थांबवलं?' असा फोन येतोच.