नोकरी-घर सांभाळून कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी नोकरी करते. महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे जीएसटी रिटर्न भरायचे दिवस, आमच्या घरात सणावारासारखे पाठ आहेत. मार्चअखेरीला तर घरचे माझी वाटच बघत नाहीत, जेवून घेतात. कसबा बावड्यात घर, घरात सासूबाई, नवरा, दहावीतला मुलगा. हे सगळं चालू असतानाच कादंबरीचा पहिला खर्डा पुरा झाला. पावणेतीन वर्षं लागली. त्यातलं पहिलं सव्वा वर्ष हाती काहीच लागलं नाही आणि तेव्हा मी सगळ्यांना सांगत होते की वेळच मिळत नाही.

वेळ मिळत होता. लिखाणात खंड पडला की परत त्या गोष्टीत शिरायला जो वेळ जातो, तो मी धरलेलाच नव्हता. खालच्या बहुतेक चुका तिथंच येऊन मिळतात.

रविवारवर सगळं ढकलणं

रविवारी सलग चार तास बसायचं असं मी ठरवलं होतं. कोल्हापुरातला रविवार कसा असतो ते इथल्या कुणालाही माहीत आहे. सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांग, मग तांबडा-पांढरा, दुपारी जड जेवण, संध्याकाळी कुणाची तरी वास्तुशांत. चारातले दोन तास हाती लागायचे. त्यातला दीड तास मागच्या रविवारचं वाचण्यात आणि ‘हिच्या मनात नेमकं काय चाललं होतं’ हे आठवण्यात जायचा. उरलेल्या अर्ध्या तासात पानभर लिहून व्हायचं, तेही बिचकत.

आता हिशोब बघा. पहाटे चाळीस मिनिटांत माझे २५० शब्द होतात, हाताने लिहिलेलं साधारण एक फुलस्केप पान. रिटर्नचे दिवस, आजारपण, पाहुणे वजा करून महिन्याचे २० दिवस धरले तर ५,००० शब्द होतात. वर्षाला ६०,०००. मध्यम आकाराची कादंबरी त्यात बसते. शिवाय काल जिथं सोडलं ते आज मनात ताजं असतं, त्यामुळं शिरायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते आणि त्यांची पहिली कादंबरी १९३० साली आली, म्हणजे ऐन मास्तरकीत. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. मला या दोघांचा फार आधार वाटतो. गिरणीवर गिऱ्हाईक कधी येईल ते आपल्या हातात नसतं, तरीही एवढं लिखाण झालं.

प्रकरण संपवून उठणं

ही माझी सगळ्यांत मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझ्या कादंबरीतली शालन १९४०च्या दशकात कोल्हापूरच्या एका स्टुडिओत कपडेपटात शिवणकाम करते. मी तिचा एकेक प्रसंग पुरा करायची, शेवटचं वाक्य मनासारखं झालं की वही मिटायची आणि दिवसभर खुशीत असायची. दुसऱ्या दिवशी वही उघडली की समोर कोरं पान. आता काय? त्या ‘आता काय’पुढं चाळीस मिनिटं सरायची. दोन दिवस असे गेले की तिसऱ्या दिवशी गजर बंद करून मी झोपून राहायची.

एकदा मुलाला ताप होता. लिहिता लिहिता त्याची हाक आली आणि वाक्य अर्धंच राहिलं: ‘शालननं सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि’. पुढचे दोन दिवस दवाखाना. तिसऱ्या दिवशी वही उघडली आणि त्या ‘आणि’वर नजर पडताच हात चालायला लागला. शालन दार उघडून बाहेर बघते हे मला आधीच माहीत होतं, फक्त उतरवायचं राहिलं होतं.

तेव्हापासून मी मुद्दाम अर्ध्यात उठते. पुढचं वाक्य डोक्यात तयार असतानाच पेन खाली ठेवते. सुरुवातीला हे जिवावर येतं, हातचं सुटेल अशी धास्ती वाटते. ते सुटत नाही. उलट पोळ्या लाटताना, केएमटीच्या बसमध्ये उभ्यानं, बिलं तपासताना ते वाक्य मागे मागे येत राहतं आणि त्याला आणखी दोन वाक्यं जोडली जातात. पानाच्या खाली मी एक ओळही लिहून ठेवते: ‘उद्या: दारात कोण आहे?’ उत्तर माहीत असलेलाच प्रश्न तिथं लिहायचा. अवघड प्रश्न लिहून ठेवलात तर सकाळी तुम्ही तो टाळाल.

घरच्यांपासून लपवणं

पुरं झाल्यावरच सांगू, असं मी वर्षभर म्हणत राहिले. त्यामुळं पहाटे पाचला दिवा लावून बसलेली सून दिसली की सासूबाईंना वाटायचं, ऑफिसचं काम राहिलंय. दूध तापवायला त्या मलाच हाक मारायच्या. एके दिवशी वहीत डोकं घातलेलं असताना दूध उतू गेलं. शेगडीवर जळका वास, पातेल्याला तळाशी करपलेला थर. मी रडकुंडीला आले. त्या पातेलं खरवडत म्हणाल्या, “काय लिवतीस गं एवढं?” मग मी सगळं सांगितलं. शालन, स्टुडिओ, शिवणयंत्र. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “आधी सांगायचं न्हाईस व्हय? दूध मी बघतो. तू लिव.” (कोल्हापूरच्या बायकांचं हे ‘मी बघतो’ मला अजूनही जगातलं सगळ्यांत आश्वासक वाक्य वाटतं.)

सहापर्यंत स्वयंपाकघर त्यांचं आणि संध्याकाळच्या भाकरी माझ्या, असं ठरलं. घरच्यांना ‘मला वेळ द्या’ एवढंच सांगितलं तर काहीच बदलत नाही, कारण तो वेळ कुणाच्या वाट्याचा ते ठरत नाही. कुठलं काम, किती वाजेपर्यंत, कोण करणार आणि बदल्यात मी काय करणार, हे बोलून घ्या. ज्यांच्या घरी असं माणूस नाही त्यांना हे सोपं नाही, याची मला जाणीव आहे. त्यांनी ऑफिसला अर्धा तास आधी पोचून टेबलावर लिहिण्याचा मार्ग करून बघावा. माझी एक मैत्रीण तसंच करते.

तपासात बुडून जाणं

गांधीहत्येनंतर १९४८ साली कोल्हापुरात जाळपोळ झाली, त्यात जयप्रभा स्टुडिओही जळाला. माझ्या कादंबरीत त्या दिवसाचं एक प्रकरण आहे. त्यासाठी मी तीन महिने जुनी कात्रणं आणि पुस्तकं वाचत होते. भवानी मंडपाजवळ १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे, म्हणजे वाचायला साहित्य कमी पडण्याची भीती नाही. पण तीन महिन्यांत एक ओळ लिहिली नाही, आणि शालनचा आवाजच माझ्या कानातून गेला.

आता माहीत नसलेलं आलं की मी तिथं ‘ठठठ’ लिहिते आणि पुढं जाते. ‘त्या वर्षी कापडाचा भाव वाराला ठठठ होता.’ मराठीत ही अक्षरं अशी लागोपाठ कुठं येत नाहीत, त्यामुळं टाईप केल्यावर फाईलमध्ये शोधली की सगळ्या जागा एका दमात सापडतात. महिन्यातून एक दिवस फक्त ठठठचा.

परक्या वेळापत्रकाचं लक्ष्य

इंग्रजीत लिहिणाऱ्यांमध्ये २००० पासून नोव्हेंबरच्या एका महिन्यात ५०,००० शब्द लिहिण्याचा उपक्रम रुजला. मीही एकदा बसले. दिवसाला १,६६७ शब्द पडतात. आपल्याकडं दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात, मागोमाग तुळशीचं लग्न आणि मग माणसांची लग्नं. शेती असलेल्या घरात उसाच्या तोडीची घाई. नवव्या दिवशी मी मागे पडले आणि डिसेंबर संपेपर्यंत वहीला हात लावला नाही. आपल्या कामाचं कॅलेंडर समोर घेऊन आपला आकडा ठरवा. १० ते २० तारखेत मी दिवसाला फक्त पाच ओळी लिहिते. पाचच, पण रोज.

फाईलचा घोळ

जुन्या मराठी फाँटमध्ये टाईप करू नका. युनिकोड नसलेल्या फाँटची फाईल दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाईलवर उघडली की अगम्य अक्षरं दिसतात, आणि ती दुरुस्त करण्यात आठवडा जातो. माझी दोन प्रकरणं अशीच पुन्हा टाईप करावी लागली. युनिकोडमध्ये टाईप करा, एकच फाईल ठेवा, रोज स्वतःलाच मेल करा.

मुलाच्या क्लासबाहेर थांबावं लागतं तेव्हा मी मोबाईलवर बोलून मराठी टाईप करते. चुका होतात, विरामचिन्हं नंतर घालावी लागतात, पण संवाद मात्र बोलीत जसेच्या तसे येतात. खांडेकर दृष्टी गेल्यावर तोंडी सांगत आणि लेखनिक उतरवून घेत. मोबाईल त्या लेखनिकाइतका शहाणा नाही, पण गाडीवर बसल्या बसल्या वीस मिनिटं सत्कारणी लागतात.

आणि खंड पडलाच तर

पडतोच. कुणी आजारी पडतं, पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी वाढतं, मार्च येतो. अशा वेळी पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. जुनं वाचताना जागोजागी दुरुस्त करावंसं वाटतं आणि आठवडाभर तुम्ही दुसऱ्या प्रकरणाच्या पुढं जात नाही. शेवटची दोनच पानं वाचा. त्यातला शेवटचा परिच्छेद हाताने पुन्हा उतरवून काढा, जसाच्या तसा. कंटाळवाणं वाटेल, पण वाक्याची चाल हातात परत येते. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांच्या वर बसू नका.

वेळ समोर आहे, वही उघडी आहे, तरी चार-पाच दिवस काहीच सुचत नसेल तर मात्र वेळेला दोष देऊ नका. बहुतेकदा तो प्रसंगच चुकलेला असतो. तो तसाच सोडून पुढचा लिहा.

यंदा मार्चअखेरीनंतर तेवीस दिवसांनी मी वही उघडली. शालन शिवणयंत्राजवळ उभी होती, बाहेर धूर दिसत होता. शेवटचा परिच्छेद उतरवून काढला. त्यातलं शेवटचं वाक्य अर्धंच होतं, ते पुरं केलं, मग आणखी एक. सहा वाजता स्वयंपाकघरातून पातेलं उतरवल्याचा आवाज आला तेव्हा सोळा ओळी झाल्या होत्या. सतरावी मी अर्धी सोडली.